चष्म्याच्या घरांचा तट

मास्तर माणसाचं तोंड बघायचे नाहीत, नाक बघायचे. नाकावर चष्मा असेल तर तो सरळ बसलाय की तिरका, हे आधी. बाकी माणूस कोण, कुठला, कशाला आलाय, हे सगळं नंतर. एकदा शेजारच्या शिंप्याचे वडील वारले. मास्तर भेटायला गेले, आणि रडून रडून डोळे सुजलेल्या म्हातारीच्या नाकावरचा चष्मा त्यांनी आधी अलगद काढून घेतला, त्याची डावी काडी वाकवून सारखी केली, परत घातला, आणि मग म्हणाले, "वाईट झालं हो." म्हातारी पुढे वर्षभर सांगत होती की आलेल्या सगळ्यांत उपयोगाचं असं एकच माणूस आलं.

तर असा हा माणूस. खाली चष्म्याचं दुकान, वर घर. मास्तर म्हणायचे ते चर्चच्या मागच्या खोलीतल्या रविवारच्या वर्गामुळे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, पण मोहल्ल्यातली अर्धी पोरं त्यांच्याकडे पवित्र शास्त्र शिकून मोठी झाली. डोक्यावर केस थोडे, नाकावर राग भरपूर. पण हा राग दुकानाच्या आतल्या बोळात शिरत नसे. त्या बोळात एका टोकाला खुर्ची आणि दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मास्तर त्याच्या डोळ्यांवर ती जड गोल फ्रेम चढवायचे आणि एकेक भिंग बदलत विचारायचे, "हे बरं, की हे? आता बघा, हे बरं, की आधीचं?" गिऱ्हाईक गोंधळलं, उलटसुलट बोललं, तरी चिडायचे नाहीत. परत पहिल्यापासून.

त्यांची बायको म्हणायची, "परक्याला शंभरदा विचारतील. घरच्यांना एकदा विचारलं तर शपथ!"

बाई वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायच्या. तोंडाने फटकळ, मनाने पाणी. मास्तरांना वचकून असतात असं लोकांना वाटायचं आणि बाईंनी लोकांना तसं वाटू दिलं होतं.

रविवारच्या वर्गात मास्तरांचा एक खेळ होता, आणि त्या खेळासाठी पोरं आजारपणातून उठून यायची. जुनी, टाकून दिलेली चष्म्याची घरं मास्तर साठवून ठेवायचे. काळी, तपकिरी, कातड्याची, पत्र्याची. ती विटांसारखी रचून मोठ्या टेबलावर ते बायबलमधल्या यरीहो शहराचा तट उभा करायचे. मग पोरांनी टेबलाभोवती गुपचूप फिरायचं, एका दिवसाची एक फेरी आणि सातव्या दिवसाच्या सात, जशा शहर जिंकायला आलेल्या यहोशवाच्या माणसांनी घातल्या तशा. शेवटच्या फेरीला हाताची रणशिंगं करून फुंकायची आणि घसा फाटेपर्यंत आरोळी ठोकायची. तेवढ्यात मास्तर खालच्या घराला बांधलेला दोरा ओढायचे. धडाधड सगळा तट खाली! पोरं आनंदाने वेडी व्हायची. मास्तरही व्हायचे, पण ते चष्मा पुसायचं निमित्त करून तोंड फिरवायचे.

त्यांचा मुलगा लहान असताना तो दोरा ओढायचा मान त्याचा होता.

हा मुलगा मोठा होऊन उत्खननात गेला. जमिनीखालची जुनी गावं खोदून काढायची, माती चाळायची, खापरं धुवायची, असलं काम. पहिली काही वर्षं मास्तरांची छाती फुगलेली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर भिंग लावता लावता सांगायचे, "आमचे चिरंजीव पार यरीहोच्या टेकाडावर जाऊन आले. हे बरं, की हे?" गिऱ्हाईक म्हणायचं, हे बरं. आणि मास्तर म्हणायचे, "तिथल्या पडक्या भिंती याने आपल्या हाताने झाडल्यात!"

आणि मग मुलगा सुट्टीत घरी आला आणि मास्तर त्याला मोठ्या हौसेने वर्गावर घेऊन गेले. तिथेच माशी शिंकली.

तट रचून तयार होता. दोरा मास्तरांच्या हातात. एका चुणचुणीत मुलीने विचारलं, "दादा, तुम्ही बघितला का हो तो पडलेला तट?" आता इथे नुसतं हो म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण हाही त्याच बापाचा. तो म्हणाला, "पडलेल्या भिंती आहेत तिथे. पण त्या यहोशवाच्या पुष्कळ आधीच्या दिसतात. त्याचा म्हणून जो काळ सांगतात, त्या काळातलं तटबंदीचं गाव आम्हाला तिथे सापडलेलं नाही."

सगळ्या पोरांच्या माना मास्तरांकडे वळल्या. मास्तरांचा चेहरा लाल झाला. दोरा तसाच हातात धरून ते म्हणाले, "म्हणजे शास्त्र खोटं? उचलली जीभ लावली टाळ्याला! तसं असेल तर माझ्या घरात पाय ठेवायचा नाही!"

रागाच्या भरात माणसं असलं बोलतात आणि संध्याकाळी विसरतात. मास्तर विसरायला तयार होते. पण मुलाने ते शब्द जसेच्या तसे पाळले. त्याच दिवशी बॅग उचलली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली. बाई तिथे जाऊन येत. मास्तर विचारत नसत आणि बाई सांगत नसत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ आणि दोन पीळ. चष्म्याची घरं माळ्यावर गेली. पोरांनी विचारलं तर मास्तर म्हणायचे, वाळवी लागली. पत्र्याच्या डब्यांना वाळवी कशी लागेल, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

अशी वर्षं गेली.

वाचनालयाच्या मागच्या दालनात शनिवारी दुपारी एक वादमंडळ भरायचं. अध्यक्ष एक निवृत्त नर्सबाई, ज्यांच्यापुढे मोठमोठे डॉक्टर गप्प बसत असत. या मंडळाचा एक नियम होता आणि त्यापायी बरेच वक्ते दुसऱ्यांदा फिरकत नसत. नियम असा की समोरच्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं. आणि समोरचा "बरोबर" म्हणेपर्यंत आपलं एक अक्षर बोलायचं नाही. निम्म्या लोकांचा वेळ यातच संपायचा. नर्सबाई म्हणायच्या, "रोग काय ते कळल्याशिवाय मी कुणाला सुई टोचू दिली नाही. इथेही देणार नाही."

त्या महिन्याचा विषय ठरला, 'उत्खननातला पुरावा बायबलमधल्या हकिगतींना आधार देतो का?' आधार देतो, या बाजूने मास्तर. देत नाही, या बाजूने कॉलेजातले एक प्राध्यापक. मास्तरांनी कंबर कसली. रात्रंदिवस वाचन, टिपणं. प्राध्यापकाला कुठे गाठायचा, कुठे पाडायचा, सगळं ठरलेलं.

आणि शनिवारी सकाळी प्राध्यापकांची दाढ सुजली. बदली माणूस बाईंनी सुचवला. कुणाला सुचवलं हे त्यांनी मास्तरांना दालनाच्या दारात, आत शिरता शिरता सांगितलं.

"तू... तू हे..." मास्तर म्हणाले.

"मीच," बाई म्हणाल्या. "आता ऐका. त्याला परदेशात मोठं काम मिळालंय. महिनाअखेर निघतोय. परत कधी येईल ते त्याचं त्यालाच माहीत नाही. घरी यायला तुम्ही बोलावणार नाही आणि तो विचारणार नाही. मला दोघांचे हट्ट उशाशी घेऊन म्हातारं व्हायचं नाहीये. काय बोलायचं ते आज बोलून घ्या."

आत मुलगा व्यासपीठाच्या डाव्या खुर्चीवर बसला होता. वाळलेला, रापलेला, कानाशी एखाददुसरा पांढरा केस. मास्तरांनी सवयीने नाकाकडे पाहिलं. चष्मा कुठल्या तरी भलत्याच माणसाने बनवलेला. फ्रेम रुंद, उजवी काडी ढिली, नाकावरची एक गादी झिजून गेलेली. मान हलली की चष्मा घसरत होता आणि मुलगा दर थोड्या वेळाने बोटाने वर सारत होता. लहानपणापासून त्याचा एकूण एक चष्मा मास्तरांनी केलेला. मास्तर टिपणं चाळत बसले.

पहिला मुलगा बोलला. आवाज चढवला नाही, हात हलवले नाहीत. म्हणाला, बायबल म्हणजे एक भांडं नाही, की फुटकं की धड एवढंच बघावं. काही ठिकाणी पुरावा चांगला जुळतो. यरुशलेमच्या राजाने पाण्यासाठी खडकातून भुयार खोदल्याचं लिहिलंय, आणि तिथे भुयार आहे, त्यात माणसं चालतात. दावीद राजाच्या घराण्याचं नाव शत्रूच्या शिलालेखात सापडलंय असं बहुतेक जाणकार मानतात. काही ठिकाणी मात्र जुळत नाही, आणि त्यातलं एक यरीहो. तिथे पडलेल्या मातीच्या विटा आहेत, आगीची राख आहे, धान्याने भरलेले, जळून कोळसा झालेले रांजण आहेत. आधी खोदलं त्यांना वाटलं, हेच यहोशवाचं काम. पुढे जास्त काटेकोरपणे खोदलं तेव्हा ते गाव फार आधी जळालेलं निघालं. खापरांवरून तेच, आणि त्या जळक्या धान्याचं वय काढलं त्यावरूनही तेच. काहींचं म्हणणं आहे की नंतरचं गाव पावसाने धुऊन नेलं. असेलही. पण धुऊन गेलेलं मला दाखवता येत नाही.

एवढं बोलून त्याने चष्मा वर सारला आणि खाली बसला.

आता मास्तरांची पाळी. ते उभे राहिले, घसा साफ केला. "चिरंजीवांचं म्हणणं असं की शास्त्र खोटं आहे."

नर्सबाईंनी मुलाकडे पाहिलं.

"नाही," मुलगा म्हणाला. "असं मी म्हटलेलं नाही."

मागे कुणी तरी हसलं. मास्तरांनी कागद सारखे केले. "यांचं म्हणणं, तट पडलाच नाही."

"नाही. तट पडलाय. बऱ्याचदा पडलाय. भूकंपाचा मुलूख आहे तो."

"बरं! मग यांचं म्हणणं, यहोशवा म्हणून कुणी झालाच नाही!"

"त्याबद्दल मला काही माहीत नाही. माती चाळून तेवढं कळत नाही."

आता दालन मोठ्याने हसलं. मास्तरांची कानशिलं तापली. त्यांनी कागद टेबलावर आपटले. "मग म्हणतोस तरी काय तू?"

मुलाने चष्मा वर सारला. मग म्हणाला, "विचारा ना, बाबा. इतकी वर्षं झाली, एकदा तरी विचारलंत का? खोटं हा शब्द तुमचा. त्या दिवशीही तुमचाच होता."

बाई शेवटच्या रांगेत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. मास्तरांना वाटलं, निघून जावं. मागच्या दाराने जाता आलं असतं, आणि त्यांना थांबवायची कुणाची टाप नव्हती. पण महिनाअखेर, हे शब्द कानात होते.

त्यांनी टिपणं उलटी घालून ठेवली. खुर्ची ओढली आणि मुलाच्या अगदी समोर जाऊन बसले, बोळात गिऱ्हाइकापुढे बसत तसे. आवाजही तोच आला, बोळातला.

"जुना तट होता. बरोबर?"

"बरोबर."

"तो पडला, गाव जळालं, रांजणात धान्य राहिलं. हे सगळं खरं?"

"खरं."

"पण त्या काळी यहोशवा नव्हता. फार आधीचं हे."

"यहोशवाचा म्हणून जो काळ धरतात, त्याच्या आधीचं. असं म्हणा."

"असं म्हणतो. आणि त्याच्या काळात तिथे गाव नव्हतं. की होतं आणि तुला सापडलं नाही? यातलं कुठलं?"

"सापडलं नाही."

"नव्हतं, असं म्हणत नाहीस?"

"नसावं असं वाटतं. पण छातीठोक म्हणत नाही."

मास्तरांनी मान डोलावली. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून, न अडखळता, एका दमात सांगितलं. भुयार, शिलालेख, विटा, राख, रांजण, आधीचा काळ, न सापडलेलं गाव. स्वतःचं काही घातलं नाही आणि त्याचं काही गाळलं नाही.

"बरोबर," मुलगा म्हणाला.

नर्सबाईंनी सांगितलं की मास्तरांचा वेळ जेमतेम उरलाय. मास्तर म्हणाले, पुरे आहे. आणि उरलेल्या वेळात ते झकास बोलले. काय लपवायचं! म्हणाले, रांजण भरलेले का राहिले, याचा विचार करा. वेढा महिनोन् महिने चालला असता तर आतल्यांनी धान्य खाऊन रांजण चाटून पुसून ठेवले असते. लुटारू आले असते तर त्यांनी नेलं असतं. शास्त्र काय सांगतं? सुगीचे दिवस, सात दिवसांचा वेढा, लूट करायची नाही, गावाला आग. जमिनीतही तेच निघालं. राहता राहिला काळाचा प्रश्न. तर आधीच्या खोदणाऱ्याने एक काळ सांगितला, पुढच्यांनी तो खोडला. यांचाही उद्या कुणी खोडील. मी थांबायला तयार आहे.

टाळ्या पडल्या. आता मास्तरांचं म्हणणं मुलाने सांगायचं होतं. तो उभा राहिला आणि रांजण, सुगी, वेढा, आग, सगळं बापाच्या क्रमाने, थेट बापाच्या हेलात सांगून गेला. 'चाटून पुसून' सुद्धा सोडलं नाही. लोक हसले. मास्तरांच्या तोंडून 'बरोबर' निघणार, एवढ्यात तो म्हणाला, "आणि त्यांचं आणखी एक म्हणणं आहे. यातली एक वीट काढली तर वरचं सगळं खाली येईल. मग पोरांना काय शिकवायचं आणि स्वतः कशाला धरून राहायचं, याची त्यांना भीती वाटते."

मास्तर ताडकन म्हणाले, "हे मी बोललो नाही!"

"बोललात की नाही ते सोडा," नर्सबाई म्हणाल्या. "बरोबर की चूक, तेवढं सांगा."

मास्तर मुलाकडे बघत राहिले. लहानपणी दोरा हातात धरून, खूण कधी मिळते म्हणून हाच मुलगा त्यांच्या तोंडाकडे असाच टक लावून बघायचा. मास्तरांना एकाएकी फार वाईट वाटलं. वर्गात परत परत तट पाडणारा आणि पोरांना हसवणारा आपण, आणि एवढ्याशा धक्क्याने घाबरून मुलालाच घराबाहेर काढलं.

"बरोबर," ते म्हणाले.

मतं घेतली तेव्हा कोण जिंकलं यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. लोक चहाकडे गेले. मुलगा आपली पिशवी आवरत होता. वाकला तसा चष्मा घसरून थेट टेबलावर पडला.

मास्तरांनी तो झडप घालून उचलला. उजेडाकडे धरला. "कुणी केला हा? लोहाराने?"

"तिकडे जो मिळाला त्याने."

"गादी झिजलीये, काडी ढिली, फ्रेम तुझ्या मापाची नाही. आणि भिंगांवर हे ओरखडे!"

"माती असते, बाबा."

"पुसायचं कशाने, तेही मीच सांगायचं का? याला बारीक स्क्रू लागेल. इथे होणार नाही. दुकान उघडायला लागेल." मास्तर चष्मा खिशात घालून चालू लागले.

मुलगा जागचा हलला नाही. "दुकान तुमच्या घरात आहे," तो म्हणाला.

मास्तर थांबले. पाठमोरेच.

"चुकलो मी," मास्तर म्हणाले. हे त्यांनी एवढ्या मोठ्याने म्हटलं की चहाचे दोन पेले हातातल्या हातात थांबले. "तो शब्द मागे घेतला. आता चल. चष्म्याशिवाय रस्ता ओलांडशील कसा? हात धर."

मोडलेला हात धरावा तसा मुलाने बापाचा हात धरला आणि दोघं रस्ता ओलांडून गेले. बाई मुद्दाम मागे राहिल्या, आणि मग गल्लीतून आडवाटेने जाऊन त्यांच्या आधी घरी पोचल्या.

दुकानात मास्तरांनी दिवा लावला, गादी बदलली, स्क्रू घट्ट केला, काडी गरम करून वाकवली. मुलाच्या कानामागे बोटं घालून ती नीट बसते का ते बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग त्याला बोळातल्या खुर्चीवर बसवून म्हणाले, "वाच."

मुलगा वरून वाचत आला आणि शेवटच्या ओळीला थांबला.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"काही नाही, की तुला दिसत नाही?"

मुलाला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. "दिसत नाही," तो म्हणाला. "दिसत नाही, बाबा."

"मग तसं सांगावं. नंबर वाढलाय तुझा. नवीन भिंगं घालून देतो, जायच्या आधी. त्याला चार दिवस लागतील. रोज यावं लागेल."

एका दिवसाचं काम होतं ते. दोघांनाही माहीत होतं.

वरून बाईंचा आवाज आला, "ताटं किती मांडू?"

मास्तरांनी आतला दिवा मालवला आणि जिन्याकडे बघून ओरडले, "हे काय विचारणं झालं? नेहमीची तीन. आणि माळ्यावरची ती चष्म्याची घरं खाली काढून ठेव, उद्या वर्ग आहे."

"त्यांना तर वाळवी लागलीये ना?" बाई म्हणाल्या.

"नव्हती लागली," मास्तर म्हणाले, आणि मुलाला पुढे घालून जिना चढू लागले. "उद्या दोरा हा ओढेल. आणि पोरांनी काही विचारलं, तर जे सापडलं ते सांगेल. मी मध्ये बोलणार नाही."

"बोलाल," बाई म्हणाल्या.

"बोलेन. पण आधी विचारीन."